यशूला विचारायचं कोणी

१८ जानेवारी, रविवार
दाजी आले होते नांदगावहून. न कळवता. यशू शेजारी शमीमभाभींच्या मशीनपाशी चिंध्या निवडत बसली होती, ते बरं झालं. अर्धा चहा पिऊन म्हणाले, "सुजाता, जूनपासून यशूला घेऊन जावं म्हणतो."
म्हटलं, सुट्टीत ना?
"नाही. कायमचीच. सातवीला तिकडच्या शाळेत घालू."
आक्का गेली तेव्हा तिची यशू पाच वर्षांची. दाजींना ड्यूटीच्या पाळ्या, घरात बाईमाणूस नाही. थोडे दिवस ठेव म्हणाले होते. सात वर्षं झाली त्या थोड्या दिवसांना.
विचारलं, वैशालीला चालणार आहे का? दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, आता कडेवर बाळ. मला वाटलं, गाडी इथे अडेल. तर म्हणाले, "तिचंच म्हणणं आहे. बाप असताना पोरगी दुसऱ्याच्या घरी का, म्हणते."
दुसऱ्याच्या घरी.
जाताना यशूच्या हातात पेनांचा डबा दिला, डोक्यावरून हात फिरवला, गेले. तिला सांगायचं काम माझ्यावर.

२१ जानेवारी
नाही सांगितलं. उद्या, उद्या. आज कंपनीत इन्स्पेक्शनला चाळीस पीस बघून झाल्यावर लक्षात आलं की मापाचं गेजच चुकीचं घेतलंय. सगळे परत. लाइनवरच्या पोरी विचारत होत्या, मॅडम, बरं नाही का.

२६ जानेवारी
झेंडावंदनाहून येऊन यशूने बूट काढले नाहीत. तशीच स्वयंपाकघराच्या दारात उभी. काल मी भाजी आणायला गेले तेव्हा दाजींचा फोन आला होता, तिने उचलला. त्यांना वाटलं मी एव्हाना सांगितलं असेल. रात्रभर आणि सकाळभर तिने ते एकटीने ठेवलं पोटात.
"माऊ, तू मला देऊन टाकणार आहेस?"
म्हटलं, वस्तू आहेस का तू देऊन टाकायला. आवाज चढला माझा. मला जवळ घ्यायचं होतं, आणि मी ओरडले. दाजींवरचा राग तिच्यावर निघाला.
ती बूट घालूनच पलंगावर जाऊन बसली.

३ फेब्रुवारी
शाळेतून फोन. अर्धा दिवस सुट्टी टाकून गेले. एका मुलीची चित्रकलेची वही फाडली यशूने. पूर्ण फाडली, एकेक पान. बाई चांगल्या आहेत, म्हणाल्या, "ही अशी मुलगी नाही. घरी काही झालंय का?" मी म्हटलं, नाही, काही विशेष नाही. का म्हटलं तसं कोण जाणे. सांगायला हवं होतं.
ती मुलगी म्हणाली होती, 'तुझी आई कधीच मीटिंगला येत नाही, मावशीच येते.' एवढंच. गेली दोन वर्षं हेच बोलतात मुली, तेव्हा कधी वही फाडली नव्हती.
कुंभमेळ्याच्या कामासाठी रस्ता खणलेला, रिक्षा अर्धा तास एका जागी. ती शेवटी म्हणाली, "सॉरी म्हटलं ना मी तिला." आणि मग, "तिला नवीन वही घेऊन द्यायची का?" दिली घेऊन. चांगल्या कागदाची.

९ फेब्रुवारी
सकाळी चादर ओली. बारा वर्षांची पोर. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाणी सांडलं." म्हटलं, हो, सांडतं कधीकधी. चादर बादलीत टाकली. ती शाळेत जाईपर्यंत गुणगुणत राहिले, काहीतरी, उगाच.
ती गेल्यावर गादी गॅलरीत टाकली आणि कंपनीची बस चुकली.

१५ फेब्रुवारी, रविवार
शमीमभाभींना आज सांगितलं. त्यांच्यासमोर ब्लाउजचा गठ्ठा, मशीन थांबवलं त्यांनी. शाळेनंतर रोज दोन तास यशू त्यांच्याकडेच असते, पहिलीपासून. बटणं लावायला त्यांनीच शिकवलं. मग म्हणाल्या, "मेरेकू मत पूछ सुजाता, मैं तो रो दूँगी. बाप है उसका. पर तू भी कोई ऐरीगैरी है क्या?"
मशीन परत सुरू केलं. शिवण वाकडी गेली, ती उसवत बसल्या.

१ मार्च
कंपनीतल्या मनीषाच्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत, त्यांच्या घरी जाऊन आले. यशूला म्हटलं, ओव्हरटाइम आहे.
वकीलबाई सरळ बोलल्या. बाप जिवंत आहे, कमावतो, व्यसन नाही, दर महिन्याला येऊन भेटतो. कागद माझ्याकडे एकही नाही. पण मुलगी बारा वर्षांची आहे, तिला विचारतील. ती ठाम बोलली तर फरक पडतो. "तिची थोडी तयारी करून घ्यावी लागेल," म्हणाल्या.
परत येताना बसमध्ये मी ती तयारी करायला लागले होते. काय काय बोलायचं तिने. पप्पांना आता दुसरं बाळ आहे. मला तिकडे कोणी ओळखत नाही. मला माऊशिवाय झोप येत नाही. पाथर्डी फाट्यापर्यंत पाच-सहा वाक्यं तयार झाली होती. मनात तिच्या आवाजात ऐकूसुद्धा येत होती.
उतरल्यावर जरा वेळ स्टॉपवरच बसले. भीती वाटली, माझीच.
वकीलबाईंचा नंबर ठेवलाय. फोन करणार नाही बहुतेक.

८ मार्च
काल कंपनीत महिलादिन झाला, गुलाब आणि समोसा. गुलाब यशूला दिला. पाकळ्या काढत काढत विचारलं तिने, अगदी सहज, "माऊ, तुला काय वाटतं? मी जाऊ का?"
मी बसमधली ती वाक्यं आठवली आणि घाबरून म्हटलं, "तुला वाटेल तसं कर. मी काही म्हणणार नाही."
तिचा चेहरा. काहीतरी मागायला आलेलं माणूस 'राहू द्या' म्हणून वळतं ना, तसा.
मला वाटलं होतं मी न्यायाने वागतेय.

२२ मार्च
परीक्षा जवळ. अभ्यास करते, जेवते, विचारलं की उत्तर देते. भांडत नाही. मला तिचं भांडण हवंय. काल मुद्दाम म्हटलं, टीव्ही बंद कर. केला लगेच.

१४ एप्रिल
जयंती. सकाळी विहारात वंदना, मग दोघी पांढऱ्या कपड्यांत मिरवणुकीला. यशू खूप नाचली, ढोलाच्या अगदी पुढे, केस सुटले, घामाघूम. मी कडेला उभी राहून तिची ओढणी आणि चपला सांभाळत होते. मधेच गर्दीतून मान उंच करून मला शोधायची, दिसले की परत नाचायची. तीन महिन्यांत पहिल्यांदा.
आक्काही अशीच नाचायची. यशूला ते सांगितलं घरी आल्यावर. "खरंच? तू कधी सांगितलं नाहीस." नाही सांगितलं. मी आक्काचं फारसं काहीच सांगितलेलं नाही तिला. वाटायचं, दुखेल. कोणाला दुखेल म्हणून, ते आज विचार केला तर…

३ मे, रविवार
ठरल्याप्रमाणे यशूला आठ दिवस नांदगावला सोडून आले. राहून बघू दे, असं दाजींशी बोलणं झालंय. नाशिकरोडहून रेल्वे, मनमाडपर्यंत उभं राहून. तिने खिडकीपाशी एका म्हातारीशी दोस्ती केली, तिच्या काकड्या खाल्ल्या.
घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. वैशाली सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. एवढी लहान वाटली नव्हती लग्नात. कपाटाचा एक कप्पा रिकामा करून त्यात नवा कागद घातलेला, यशूसाठी. मला दाखवताना हात कुठे ठेवायचे ते तिला कळत नव्हतं. "ताई, ती काय खाती काय नाय, तेवढं सांगा ना. मला लय टेन्शन आलंय." कॅलेंडरचं जुनं पान फाडून पाठीमागे लिहून घेत होती. वांगं नाही. दूध थंड. केसांना लिंबू लावलं की खाज येते. गणितात मागे आहे पण रागवायचं नाही.
एक सांगितलं नाही.
यशूला काही झालं, दुखलं, भीती वाटली, तर ती बोलत नाही. बाथरूममध्ये जाऊन कडी लावते. दार वाजवलं तर अजून आत जाते. बाहेर बसायचं आणि भलतंच काहीतरी बोलत राहायचं, भाज्यांचे भाव, कंपनीतल्या गमती, मग ती आपणहून उघडते. हे शोधायला मला दोन वर्षं लागली होती.
वैशाली पेन धरून थांबली होती. "अजून काही, ताई?" म्हटलं, नाही, एवढंच.
विसरले नव्हते. आठवलं होतं, आणि नाही सांगितलं.

५ मे
घर. कंपनी. घर. दोन पोळ्यांची कणीक मळता येत नाही मला, चारचीच होते.

८ मे
दुपारी जेवणाच्या सुट्टीत वैशालीचा फोन. आवाज हळू. "ताई, यशू मोठी झाली आज."
सकाळपासून बाथरूममध्ये होती म्हणे, तास-दीड तास. दाजी ड्यूटीवर. वैशालीने आधी दार वाजवलं, मग घाबरली, मग बाळाला मांडीवर घेऊन दाराबाहेर खाली बसली. काय बोलावं कळेना म्हणून स्वतःचंच सांगत बसली. तिला झालं तेव्हा ती शेतात होती, कांद्याच्या वाफ्यात, आणि आपण मरणार म्हणून आईला न सांगता मामाच्या घरी पळून गेली होती. ते ऐकून यशू आतून हसली. मग उघडलं.
"मी ते विधी-बिधी, पाटावर बसवणं नाय केलं काही. शिरा केला फक्त. चाललं ना ताई?"
म्हटलं, चांगलं केलंस.
यशू फोनवर आली. "काही नाही गं माऊ. वैशूमम्मीने सांगितलं सगळं. आता पोटात दुखतंय फक्त."
वैशूमम्मी.
माझ्या कपाटात साड्यांच्या मागे एक पिशवी आहे. पॅडची पाकिटं, दोन गडद रंगाच्या चड्ड्या, गरम पाण्याची रबरी पिशवी. वर्ष झालं आणून ठेवून. कसं सांगायचं तेही ठरवलं होतं.
कॅन्टीनमध्ये डबा तसाच झाकला. वैशालीला मी मनापासून चांगलं म्हटलं, यात खोटं काही नाही. पण ते दार तिला माझ्याशिवाय उघडता आलं, हे मला सहन होत नाहीये. लिहून ठेवते, कारण हे कोणाला बोलता येणार नाही.

११ मे
यशूला आणलं. रेल्वेत सगळा वेळ बाळाचं. सम्यक असा करतो, तसा करतो, तिला बघून रांगत येतो, वैशूमम्मीकडे सुद्धा जात नाही. फोटो दाखवले. मी बघितले, छान म्हटलं.
लासलगाव गेल्यावर म्हणाली, "मी तिला विचारलं, माऊने तुला सांगितलं नव्हतं का, मी कडी लावते ते. तर म्हणाली, सांगितलं असंल, माझंच लिहायचं राहिलं असंल."
कॅलेंडरचं पान वैशालीने दहा वेळा वाचलं असणार. तिला माहीत आहे.
"तू सांगितलेलंस ना?"
म्हटलं, नाही. मी नाही सांगितलं.
"विसरलीस?"
मान हलवली. हो म्हणून हलवली. तेवढं खरं बोलायचंही धैर्य नाही झालं.

२० मे
दाजींचा फोन, शाळेच्या दाखल्याचं काय करायचं. म्हटलं, तिला विचारून सांगते. "आता विचारायचं काय सुजाता, लहान आहे ती." म्हटलं, लहान आहे म्हणूनच कोणीतरी विचारायला हवं. मग म्हणाले, "मला पण विचारायची भीती वाटते गं. नाही म्हणाली तर?"
दाजींचा राग यायचा थांबलाय काही दिवसांपासून. राग होता तेव्हा सोपं होतं.

२४ मे, रविवार
आज बोललो. आंबे चोखत बसलो होतो गॅलरीत, कोपरापर्यंत रस.
"मी जाते," म्हणाली.
का, म्हटलं.
"सम्यक मला ओळखतो आता. पप्पा रोज फोन करतात. आणि तू तर म्हणालीस, तुला वाटेल तसं." कोय चोखून पांढरी झाली तरी चोखत होती. "तू एकदा पण थांब नाही म्हणालीस."
मग मी म्हटलं. थांब. यशू, तू थांब. मला तू हवी आहेस. जानेवारीपासून हेच म्हणायचंय मला, तुझ्यावर भार नको म्हणून बोलले नाही.
ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे भरले, ओघळले नाहीत.
"आता नको ना म्हणू, माऊ," म्हणाली. "आता मी त्यांना हो सांगितलंय."
हात धुवायला गेली. मी घाबरून कान लावून बसले. कडी लावली नाही तिने. नुसते हात धुतले आणि आली. माझ्या खांद्याला डोकं टेकून बसली, संध्याकाळपर्यंत. शमीमभाभींनी कुरडया वाळत घातल्या होत्या समोर, त्या गोळा करून गेल्या, आमच्याकडे बघितलं, हाक मारली नाही.

५ जून
दाखला काढला. दाजी आले होते सहीसाठी. आईचं नाव: आक्काचं. वडिलांचं नाव: दाजींचं. सही वडिलांची. मी खुर्चीवर बसून कागदपत्रांची पिशवी धरली होती. वर्गाच्या त्या बाई मात्र बाहेर येऊन माझ्याशी बोलल्या. "सहा वर्षांत एक मीटिंग चुकवली नाही तुम्ही," म्हणाल्या. यशूने ऐकलं. ऐकू दे.

१२ जून
सामान बांधलं. पिशवी दिली, साड्यांमागची. कशासाठी आणली होती तेही सांगितलं, आणि मी ठरवून ठेवलेलं सगळं बोलणंही सांगितलं, आता शिळं झालं तरी. नीट ऐकलं तिने. मधे मधे "हे मला माहितीये" म्हणत.
आक्काचा फोटो मागितला, लग्नाआधीचा, दोघींचा. एकच प्रत आहे. दिली.
वैशालीला फोन केला. म्हटलं, त्या दिवशी मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. मग म्हणाली, "कळलं होतं मला ताई. मी असते तर मीबी नसतं सांगितलं." आणि रडायला लागली. मी पण.

१३ जून, शनिवार
गेली.

१५ जून
आज तिची शाळा सुरू तिकडे. जनरल शिफ्ट. चार वाजता फोन हातात घेतला, ठेवला. साडेपाचला वैशालीचा मेसेज: 'आली घरी. बोलली नाही काही. जेवली.'

२३ जून
कणीक दोनची जमली.

५ जुलै, रविवार
आजचा धरून मागच्या तीनही रविवारी गेले. पहाटेची गाडी, संध्याकाळची परत. शमीमभाभी म्हणाल्या, "हर इतवार? थकती नहीं?" मी नाही थकत.
यशू बरी आहे. वर्गात एक मैत्रीण झाली, सानिया. गणित दाजी घेतात. मला बघून धावत येते, मग दिवसभर माझ्याच मागे, वैशालीने वाढलेलं ताट घेत नाही, सम्यक रडला तरी बघत नाही. निघताना स्टेशनवर येते. आज मला चपाती वाढताना वैशालीने नजर चुकवली, एवढं लक्षात आलं.

१२ जुलै, रविवार
आजही गेले होते. भिजत. पोचले तेव्हा यशू घरी नव्हती, सानियाकडे. दाजी म्हणाले, येईल, बसा. तासाभराने आली, सानियाला घेऊन. "ही माझी मावशी, नाशिकची," म्हणाली तिला. दोघी आतल्या खोलीत नकाशा रंगवत बसल्या. मी वैशालीबरोबर मेथी निवडली. सम्यक माझ्या पायाला धरून उभा राहायला शिकतोय.
संध्याकाळी स्टेशनवर यशू आली, एकटीच आली माझ्याबरोबर, दाजी गाडी लावायला मागे राहिले. फलाटावर बाकड्यावर बसलो. ती चपलेने जमिनीवर रेघा ओढत होती.
"माऊ, पुढच्या रविवारी येणार?"
येणार ना, म्हटलं.
"दर रविवारी नको येऊ."
का, एवढंच विचारलं.
"तू येऊन गेलीस की मला सोमवारी शाळेत जाता येत नाही." माझ्याकडे बघून म्हणाली, सरळ. "पोटात दुखतं. मी गेलेच नाहीये तीन सोमवार. वैशूमम्मीने तुला सांगितलं नाही ना? मीच म्हटलं, सांगू नको."
तिचा हात हातात घेतला. नखांत रंगीत खडूसारखं निळं काही, नकाशातल्या समुद्राचं.
मग कधी येऊ, म्हटलं.
"मी सांगते."
गाडी लागली होती. दाजी आले तोवर. ती रडली नाही, हात हलवला, मी खिडकीत बसेपर्यंत थांबली आणि गाडी हलायच्या आधीच दाजींचा हात धरून जिन्याकडे गेली. बरोबरच केलं तिने.
मनमाडला डब्यात बरीच माणसं चढली. एका बाईने विचारलं, एकट्याच का? हो म्हटलं.
मी सांगते, म्हणाली. पुढच्या आठवड्यात की दिवाळीला, ते मी विचारलं नाही.